महागुरुस्वामी, त्या वजाबाकीबद्दल आभार

आदरणीय महागुरुस्वामी रायप्पू जोसेफ,

श्रीलंकेतल्या मन्नार धर्मप्रांताचे बिशप राहिलेले आपण १ एप्रिल २०२१ रोजी गेलात, तेव्हा हे आभार उशिराचेच. पण श्रीलंकेत ‘झालं गेलं विसरा’ असं कुणी म्हटलं की आपली ती वजाबाकी आठवते आणि आजही घसा दाटतो.

राज्यघटनेनं बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलेल्या देशात आपण तमिळ आणि वर ख्रिस्ती. तरी ८ जानेवारी २०११ ला सरकारच्याच सलोखा आयोगापुढे आपण दोन आकडे ठेवलेत. ऑक्टोबर २००८ मध्ये वन्नीत, म्हणजे उत्तरेकडच्या युद्धक्षेत्रात राहणारे, कच्चेरीच्या (सरकारी जिल्हा कार्यालयाच्या) नोंदीनुसार, ४,२९,०५९. सरकार आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातल्या युद्धानंतर सरकारी हद्दीत आलेले, संयुक्त राष्ट्रांच्या १० जुलै २००९ च्या तक्त्यानुसार, २,८२,३८०. उरले १,४६,६७९. या माणसांचं काय झालं, एवढंच विचारलंत. ‘मेली’ म्हणाला नाहीत, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. कच्चेरीची यादी फुगलेली असेल, काहीजण नोंद न होता निसटले असतील. मग सरकारनं ते दाखवावं. एक रकाना सरकारी, दुसरा संयुक्त राष्ट्रांचा, त्यामुळे ‘वाघांचा प्रचार’ म्हणून झटकायची सोय उरली नाही. उत्तर आलं नाहीच. गुप्तचर पोलीस मात्र चौकशीला आले.

ज्यांचं कामच मोजण्याचं होतं, त्यांनी काय केलं? फेब्रुवारी २००९ मध्ये कोलंबोतलं सरकार सांगत होतं, युद्धक्षेत्रात जेमतेम ७०,००० लोक आहेत. बाहेर आले त्याच्या चौपट! संयुक्त राष्ट्रांनी तर सप्टेंबर २००८ मध्येच वन्नीतल्या किलिनोच्चीतून आपली माणसं काढून घेतली होती.

पापनिवेदनाच्या पायऱ्या आपल्याकडे पहिल्या कम्युनियनच्या मुलांनाही पाठ असतात: विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, कबुली, मग पापक्षमा आणि प्रायश्चित्त. सरकारला तपासणी आणि कबुली गाळून थेट क्षमा हवी होती. आपण पहिल्या पायरीवर ठाण मांडलंत. क्षमेला आपला विरोध नव्हता, घाईला होता. सिंहली आणि तमिळ कॅथलिक मडूच्या तीर्थस्थानी एकाच मरियामाउलीपुढे गुडघे टेकतात. तरी या प्रश्नावर अख्खं चर्च आपल्यामागे उभं राहिलं नाही, याची खंत आहे.

गोव्याचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिलोनला गेले, तमिळ आणि सिंहली दोन्ही शिकले. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं आणि त्याच दिवशी ते आपल्या धर्मप्रांतात, मडूला आले. वाझ यांच्या मुलखाजवळच्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना त्या दिवसाचा अभिमान आहेच. पण संतांचे सोहळे करणारे आम्ही आपल्या त्या दोन रकान्यांबद्दल फारसं बोललो नाही. म्हणून हे पत्र.

आपला ऋणी,
एक मराठी ख्रिस्ती