समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीनचं मीठ नव्हे

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या शिरोडा-वेंगुर्ला भागात हल्ली जो तो सांगतो की पाकिटातलं मीठ केमिकलचं, मिठागरातलं खडेमीठ नैसर्गिक आणि समुद्राचं असल्यामुळे त्यात आयोडीन असतंच. हे ऐकून गरोदर बायकासुद्धा पाकिटातलं मीठ बंद करायला लागल्यात, म्हणून लिहितोय.

१९३० साली सत्याग्रह झाला त्या शिरोड्याच्या मिठागरांचा मला अभिमान आहे, पण मीठ कुठलंही घ्या, मुख्यतः सोडियम क्लोराईडच, सैंधवसुद्धा तेच. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन मात्र १ मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! उन्हात पाणी आटताना आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसतं, पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की मिठाचे खडे धरायला लागतात, आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. त्या पाण्याचा अंश खड्यांना चिकटून येतो, मॅग्नेशियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसात बरणीत पाणी सुटतं. ती भेसळ नाही हो, उगाच मिठागरवाल्यांना दोष देऊ नका.

पाकिटातल्या मिठात पोटॅशियम आयोडेट, म्हणजे आयोडीनचा क्षार, घालतात तो अगदी थोडा, दुकानातून घरी येणाऱ्या मिठात १ किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला त्याहून जास्त, आणि कमी पडलं तर गलगंड होतोच पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, ते नंतर भरून निघत नाही. आम्ही मासे खातो ना, असं लोक म्हणतात, खरंय, माशांतून आयोडीन मिळतं, पण पावसाळ्यात मासेमारी बंद असते मग श्रावण येतो, आणि ज्या घरात मासे शिजतच नाहीत त्यांचं काय?

कोकमाचं आगळ, लोणचं, सुकी मासळी यांना खडेमीठ खुशाल वापरा. रोजच्या आमटी-भाताला मात्र आयोडीनयुक्तच घ्या, आणि डब्याचं झाकण घट्ट लावा कारण ओलाव्याने आयोडीन कमी होतं. मिठागरवाल्यांनाही आयोडेट फवारायची सोय जिल्ह्यातच मिळाली पाहिजे, म्हणजे आपलंच मीठ आपल्या ताटात येईल. आपल्या पेपरने हा विषय आरोग्य खात्याकडे लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
शिरोड्याचा एक वाचक