मंत्रिमहोदय, दहा दिवसांत पंधरवडासुद्धा पुरा होत नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सरकारी पत्राला विषय आणि संदर्भ लागतो, म्हणून लिहितो. विषय: अनुभवातून शिक्षण. संदर्भ: आमची खाडी.

मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना दिले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशांच्या हाताखाली काही शिकावं, अशी कल्पना आहे. आपल्या राज्यात शनिवारी पुस्तकाबाहेरचे उपक्रम घेण्याचा आनंददायी शनिवारही आहे. हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती दिवसांच्या हिशेबाबद्दल, आणि त्याहून जास्त त्या दिवसांचं पुढे जे होतं त्याबद्दल.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. होडीवाल्यांना आणि ओहोटीला तिसऱ्या-कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढायला जाणाऱ्या बायांना हे तोंडपाठ असतं. सातवीच्या वर्गात मी ही रीत फळ्यावर मांडत असे, कारण अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने पौर्णिमेची वेळ काढली. सव्वाअकरा. पुढची तिथी प्रतिपदा, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून, वेळ पाऊण वाजता. वहीकडे बघत ती म्हणाली, "सर, रोज पाऊण तास पुढे जाता, मगे पुनवेनंतर एकदम दीड तास कसो?"

खरं सांगतो, असा प्रश्न वर्गात आला की शिक्षकाचा महिना वसूल होतो. समुद्र काही पौर्णिमेला उडी मारत नाही. मग चूक कुठे? दोन तास पोरं त्यावर झगडली. पंधरा तिथींमध्ये भरती १२ तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. रीत धरते ४५. दर तिथीला ३ मिनिटं उधारीवर राहतात आणि पंधरा तिथींची ४५ मिनिटांची थकबाकी पौर्णिमेनंतर एका दिवसात वसूल होते. तीन-चतुर्थांशाऐवजी चार-पंचमांश घेतले तर पौर्णिमेला १२ वाजता आणि प्रतिपदेला १२ वाजून ४८ मिनिटांनी. हिशेब बसला. तोंडी करायला मात्र पाऊणकी सोपी, म्हणून लोकांनी तीच ठेवली असावी, असा माझा अंदाज.

पण कागदावर बसलेला हिशेब धक्क्यावर बसतो का? त्यासाठी खुणा केलेली काठी धक्क्याला बांधली आणि पोरांनी आळीपाळीने भरतीच्या वेळा टिपल्या. पाण्याने दोन्ही सूत्रं मोडून दाखवली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, भरती रोज कमी सरकते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, जास्त. सूर्य आणि चंद्राच्या ओढीचं हे गणित सातवीला पूर्ण झेपत नाही, झेपायची गरजही नाही. आजोबांची रीत आणि आपण स्वतः काढलेलं सूत्र, दोन्ही तपासून घ्यायचं असतं, एवढं त्या वर्गाला पक्कं कळलं.

आता साहेब, हे १० दिवसांत कसं बसवायचं ते सांगा. एक पक्षच पंधरा तिथींचा. शिवाय भरती काही शाळेची घंटा ऐकून येत नाही.

आणि नोंदवहीचं काय झालं तेही सांगतो. वाकडेतिकडे आकडे, खाडाखोड, एका पानावर पावसाने शाई फुटलेली. वरून उपक्रमाचे फोटो मागवले गेले तेव्हा त्या पानांचा फोटो कुणाला कळेना. शेवटी मुलांना गणवेशात ओळीने उभं केलं, काठी मधोमध धरली आणि तो फोटो पाठवला. त्याचं कौतुक झालं. नोंदवही कुणी मागितली नाही.

हेच सगळीकडे चाललं आहे. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेलं कातळशिल्प आहे. त्याच्या आसपास होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. चुंबकत्वाच्या धड्यासाठी याहून मोठी प्रयोगशाळा कोण बांधून देणार? कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून सहली वाढल्या. पण सुई नेमकी कुठून फिरायला लागते, कुठे सरळ होते, हे पावलं मोजून कागदावर उतरवायला वेळ कुणाकडे आहे? सेल्फी झाला की बस सुटते.

नुसता हात लावला की शिक्षण झालं, असंही मी म्हणत नाही. आमच्याकडे आंब्याची कोय कलमं बांधणारे गडी आहेत. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली काडी आत सरकवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. हात इतका बसलेला की बोलता बोलता होतं. पण काडी रोपाहून बारीक असेल तर निदान एका बाजूची साल सालीला का भिडवायची, हे विचारलंत तर उत्तर मिळतं, "नायतर जीव धरणा नाय." नववीचं पुस्तक विभाजी ऊतींबद्दल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या ऊतींबद्दल, सांगतं; तसा थर सालीच्या आतही असतो, पण पुस्तक कलमाच्या चिरेपर्यंत येत नाही. गड्याकडे कसं आहे, पुस्तकात का आहे. दोन्ही एका जागी आणणं हे शाळेचं काम, आणि ते मुलाने बांधलेली पहिली चार कलमं वाळल्याशिवाय होत नाही. वाळलेलं कलम सोडून बघितलं की साल कुठे हुकली ते डोळ्यांना दिसतं. एका दिवसाच्या भेटीत कलम बांधून होतं, वाळलेलं बघायला कुणी परत येत नाही.

यासाठी परदेशी अभ्यासदौरा काढू नये. १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या कल्पनेची, मांडणी झाली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला, म्हणजे आमच्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि त्यातून हायस्कुलांमध्ये आठवड्यातला एक दिवस हातकामाचा झाला. आठवड्यातला एक, वर्षातले दहा नव्हेत.

माझं मागणं खर्चाचं नाही. प्रत्येक शाळेला वर्षभराचा एक विषय आपल्या गावातून निवडू द्या: खाडी, कलम, भाताचा तरवा (लावणीची रोपं), जांभ्या दगडाची खाण, काहीही. गावाच्या हद्दीत मुलांना बाहेर न्यायची परवानगी मुख्याध्यापकांच्या सहीवर मिळू द्या, वरच्या टेबलाची वाट बघेपर्यंत हंगाम निघून जातो. कलम बांधणारा किंवा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढणारा शाळेत येऊन शिकवणार असेल तर त्याची रोजी बुडते, तेवढं मानधन द्या. लावणीच्या दिवसांत मुलांना शेतात राबवा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मजुरी वेगळी, नोंदवही घेऊन केलेलं काम वेगळं. आणि वार्षिक परीक्षेत किमान एक प्रश्न त्या नोंदवहीवरचा असू द्या. परीक्षेत नाही ते शिकवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम आपल्यालाही ठाऊक असेल.

जाता जाता कमी पटाच्या शाळांबद्दल. बारा मुलांचा वर्ग मी धक्क्यावर नेऊ शकलो, साठांचा नेला नसता. कोकणातल्या वाडीवाडीवरच्या छोट्या शाळा हिशेबात तोट्याच्या दिसतात, पण वर जे मागितलं आहे ते सुरू करायला त्यांच्याइतकी सोयीची जागा नाही. त्यांना कुलूप लावण्याआधी दोन वर्षं हे करून बघू द्या.

उत्तर आलं तर आनंद होईल. सोबत फोटोंचा विहित नमुना मात्र पाठवू नये, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग