कूलर काढून ठेवा, बाबा

पुणे, रविवार, ९ नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा "बरं, पाहू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई मला जेवलीस का विचारते. मग माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहून राहिली आहे. दोघांनी मिळून वाचा. आधी बाबांनी वाचून मग आईला "काही नाही, फोटोचं आहे" असं सांगायचं नाही.

येत्या रविवारी, १६ तारखेला, सकाळी साडेसातला एक मुलगा घरी येईल. घर विकायच्या जाहिरातीसाठी घराचे फोटो काढायला. तो हेच काम करतो, घरांचे आणि दुकानांचे फोटो. पैसे देऊन झाले आहेत, किती ते विचारू नका. तुम्हाला विचारून ठरवायला हवं होतं, हे मला कळतं. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता की दोन महिने थांबू, आणि दोन महिन्यांनी म्हणाला असता की आता संक्रांतीनंतर. दादाशी बोलले आहे. तो म्हणाला, तूच सांग, माझं ते ऐकत नाहीत. जसं काही माझं ऐकतात.

बाबा, तुम्ही काढलेल्या फोटोंबद्दल मला वाईट काही बोलायचं नाही. (थोडं बोलणार आहे.) दसऱ्यानंतर तुम्ही पाठवलेले एकोणीस फोटो काल रात्री परत एकेक करून पाहिले. त्यात मीटरबोर्डाचे चार आहेत. गच्चीवरच्या टाकीचे तीन. अर्थिंगच्या खड्ड्याचे दोन. जामाच्या झाडाचे दोन (इथे त्याला पेरू म्हणतात). एक आर. एल. लेटरचा, त्या प्लॉटच्या सरकारी कागदाचा, ज्यात तुमचं नाव, प्लॉट नंबर, सही, सगळं स्वच्छ वाचता येतं. एकोणीसांत तोच सर्वांत नीट आला आहे. हॉलचा एक, आणि त्यात अर्ध्या चौकटीत तुमचा अंगठा. बाकीच्यांतले बरेचसे कुठल्या खोलीचे आहेत ते मलाही ओळखता येईना, आणि मी त्या घरात वाढले. स्वयंपाकघराचा एकही नाही. आई, यावर तू काय ते बोलून घे.

आधी हसू आलं, मग जरा वेळाने गप्प झाले. वीज मंडळात नोकरी काढलेला माणूस घराचे फोटो असेच काढणार. तुम्ही घरातलं जे खरंच चांगलं आहे तेच दाखवलंत. १९८७ साली, आजूबाजूला नुसती वावरं असताना, तुम्ही अर्थिंगचा खड्डा स्वतः उभं राहून खणून घेतला होता, कोळसा आणि मीठ तुमच्यासमोर टाकायला लावलं होतं. आजवर घरात कोणाला शॉक बसला नाही. पण घर घेणारा अर्थिंग पाहायला शेवटी येतो. आधी तो हॉल पाहतो, तोही फोनवर, बोटाने वर ढकलत, दुसऱ्या वीसपंचवीस घरांच्या गर्दीत. तुमचा तो दलाल म्हणतो ना, "फोटोत काय आहे, गिऱ्हाईक तर येऊन पाहतेच"? येतंच नाही ना पण. एवढ्या दिवसांत तीन फोन आले. दोन दलालांचे, आणि तिसऱ्याला घर भाड्याने हवं होतं. नागपुरात, मानेवाड्यातलं, पूर्वेला तोंड असलेलं, अंगण असलेलं घर आणि तीन फोन! घरात खोट नाही बाबा. खोट फोटोत आहे.

आता कूलरचं. हॉलच्या खिडकीतला कूलर तुम्ही बारा महिने तिथेच ठेवता, जुनी चादर गुंडाळून. मे महिन्यात मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, पण तो काढला की बघा हॉलमध्ये किती उजेड येतो. त्या फोटोत हॉल अंधारा, आणि खिडकीच्या वरच्या फटीतून मात्र पांढराफटक झोत. आपले डोळे आतला अंधार आणि बाहेरचं ऊन दोन्ही एकाच वेळी सांभाळतात, कॅमेऱ्याला ते जमत नाही. आतलं दिसावं म्हणून त्याने जास्त उजेड घेतला की खिडकी पांढरी पडते, खिडकी सांभाळली की खोली काळी. तो मुलगा तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा ठेवून एकाच जागेवरून तीन, कधी पाच फोटो घेतो, कमी उजेडाचे, जास्त उजेडाचे, आणि मग ते एकात एक मिसळतो. म्हणजे हॉलही दिसेल आणि खिडकीतलं जामाचं झाडही. तेवढ्यासाठी पंखे बंद ठेवायचे, नाहीतर पंख्याची पाती पुसल्यासारखी येतात.

आणि ट्यूबलाइट. तुमच्या फोटोत आपला पिस्ता रंग एका बाजूने निळसर, दुसऱ्या बाजूने पिवळा आलाय, कारण ट्यूब पांढरी, देव्हाऱ्यावरचा बल्ब पिवळा आणि खिडकीतून ऊन तिसऱ्याच रंगाचं. सगळं एकदम लावलं की कॅमेरा गोंधळतो. तो सांगेल तेच दिवे लावायचे. तो तुम्हाला वायरिंग शिकवणार नाही, तुम्ही त्याला फोटो शिकवू नका.

भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात, तेही कळलं मला. तुम्ही फोन वर धरून खाली वाकवता. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ ठेवला की भिंती सरळ राहतात. फोटो आडवाच. मुख्य म्हणजे त्याला मी सांगून ठेवलंय की फार रुंद भिंग लावायचं नाही. दहा बाय बाराची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसते, फ्रिज कपाटाएवढा होतो, आणि माणूस येऊन दारातच म्हणतो, एवढीच का हो? मग भाव पाडायला त्याला आयतं निमित्त.

घर पूर्वेचं, म्हणून पुढचा फोटो आधी घ्यायचा. या दिवसांत उन्हं साडेसहाच्या सुमाराला वर येतात, आठपर्यंत गेटवर मऊ असतात. दहानंतर छज्ज्याची काळी सावली पडते. मागची खोली तो चारनंतर घेईल. सूर्य साडेपाचलाच बुडतो, त्यानंतर आकाश थोडा वेळ गडद निळं राहतं. घरातले दिवे लावून रस्त्यावरून एक फोटो तेव्हाचा घेईल. मला स्वतःला तोच पाहायचा आहे. शाळेतून, मग क्लासमधून सायकलवर येताना घर असंच दिसायचं. हॉलचा दिवा लागलेला दिसला की समजायचं, बाबा आले.

विजेच्या डीपीचं विचारतो तो. "ताई, गेटसमोरची डीपी कॉम्प्युटरवर पुसून टाकू का?" मी नाही म्हणाले. अंगणातला पाइप, बादली, वाळत टाकलेले टॉवेल आपणच उचलून ठेवू. डीपी आहे तिथेच राहील. जे जागचं हलणार नाही ते फोटोतूनही हलायचं नाही. तुम्ही हेच म्हणाला असता.

मागच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या ओलीबद्दल तुमचं म्हणणं की तिचाही फोटो टाकावा, लपवाछपवी नको. मी फोटो टाकणार नाही. पण ओल लपवणारही नाही. घरातला जो दोष साध्या नजरेला सापडत नाही आणि आपल्याला माहीत आहे, तो विकणाऱ्याने सांगायचाच असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या ५५ व्या कलमातच ते आहे, मी वाचलंय. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगेन की गच्चीच्या उताराकडून पाणी मुरतं. त्यावर कॅलेंडर टांगायचं नाही एवढं नक्की. कॅलेंडर तसंही सगळीकडचीच काढा. फेब्रुवारीत कोणी जाहिरात पाहिली आणि भिंतीवर नोव्हेंबर दिसला, तर त्याला कळतं की घर पडून आहे. आकाशकंदीलही उतरवा आता. तुळशीचं लग्न झालं, त्रिपुरी पौर्णिमा झाली.

आर. एल. लेटर, टॅक्सपावती, रजिस्ट्रीचे कागद जाहिरातीत टाकायचे नाहीत. मी कालच तो फोटो काढून टाकला. घर पाहायला जो प्रत्यक्ष येईल आणि खरंच घ्यायचं बोलेल, त्याला समोर बसवून दाखवायचे. गोदरेजचं कपाट, दाराची कुलपं, स्कूटरचा नंबर, औषधांचा डबा, यातलं काहीही फोटोत नको. अख्ख्या जगाला कशाला कळायला हवं की इथे दोघं म्हातारे राहतात?

म्हातारे म्हटलं, रागावू नका.

हॉलमधला आजोबांचा फोटो त्या दिवसापुरता उतरवायचा आहे. हे लिहायला मी सर्वांत जास्त वेळ लावला. बाबा, आजोबांना कोणी घालवत नाहीये. घर पाहणाऱ्याला तिथे आपलं घर दिसायला हवं, आणि भिंतीवरून आजोबा बघत असले की त्याला दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. हार काढू नका. हारासकट चादरीत गुंडाळून आतल्या पलंगावर उभा टेकवून ठेवा. फोटोमागे भिंतीवर चौकोन दिसेल, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ, रंगारी पहिल्यांदा आला तेव्हाच्या पिस्त्याचा. नंतरच्या दोन्ही वेळी आजोबांना हलवायचं नाही म्हणून तुम्ही त्याला भोवतीनंच ब्रश मारायला लावला होता. तो चौकोन दिसला तर दिसू दे. एका दिवसाचाच प्रश्न आहे.

देव्हाऱ्याला कोणी हात लावणार नाही, आई. सकाळची पूजा नेहमीसारखी कर, दिवा असू दे. मुलगा चपला बाहेर काढूनच येईल, सांगितलंय. तुझ्या ओट्यावर मात्र काहीही ठेवायचं नाही. मिक्सर, तेलाची बरणी, चहा-साखरेचे डबे, सगळं फडताळात. ओट्याचा काळा दगड पुसून लखलखीत ठेव; तो फोटोत फार चांगला येईल, तो कडाप्पा तूच पसंत केला होतास. फ्रिजवरचं सगळं खाली. फ्रिजवर तुम्ही काय काय ठेवता, देवा रे.

आणि हे सगळं उचलायला तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. शेजारच्या काकूंच्या नातवाला सांगितलंय, तो आणि त्याचा मित्र शनिवारी संध्याकाळी येतील. कूलर तेच काढतील, फोटो तेच उतरवतील. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. जूनमध्ये टाकी पाहायला गच्चीवर गेलात आणि पडलात, ते मला आठ दिवसांनी काकूंकडून कळलं. तुम्ही दोघं मला रोज फोनवर सांगत होतात, सगळं ठीक आहे. त्याचा राग मी अजून काढलेला नाही, आणि काढणारही नाही, पण तेव्हाच माझं ठरलं. सतरा पायऱ्या, आईचे गुडघे, आणि मी इथे. तुम्ही म्हणता घाई करते. घाई नाही बाबा. रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं.

इथलं सगळं पाहून ठेवलंय. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसरा मजला, लिफ्टला बॅकअप आहे, मी दिवे गेलेले असताना वरखाली जाऊन पाहिलं. ओटा आईच्या उंचीचा करून घेते, आताच्यासारखं टाचा उचलून कुकर ठेवायला नको. पूर्वेला बाल्कनी आहे, तुळस तिथे. कमोडच्या बाजूला धरायला दांडी बसवली. कूलर लागणार नाही, तरी तुम्हाला हवा असेल तर घ्या एक, वाळ्याच्या वासाशिवाय उन्हाळा वाटत नाही हे मलाही कळतं. तर्री पोहे मात्र नागपूरसारखे मिळत नाहीत. ते खोटं सांगणार नाही. मन झालं की आता अजनीहून थेट पुण्याला वंदे भारत आहे, ती इथून परतही जातेच.

तुमच्या एकोणीसांतला एक फोटो मी जाहिरातीत ठेवणार आहे, सागवानी दाराचा. त्यात उभ्या शिरा आल्यात, बल्लारशाहून तुम्ही लाकूड स्वतः निवडून आणलंत ते दिसतं त्यात. आणि एक माझ्याजवळ ठेवलाय. कपाटाच्या आरशात तुम्ही आलात, बनियन, चष्मा कपाळावर, दोन्ही हातांत फोन आणि जीभ जराशी बाहेर. माझ्या पहिलीच्या पाटीवर अक्षर काढून द्यायचात तेव्हाही अशीच जीभ बाहेर यायची.

तो मुलगा फोटो काढायला आला की तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसा. त्याच्या मागे मागे फिरू नका. आईला काकूंकडे पाठवा, नाहीतर ती त्याला दर अर्ध्या तासाला चहा देईल आणि उन्हं निघून जातील. बीपीची गोळी साडेआठलाच. फोटो झाले की तो मला मूळ फाइल्स पाठवेल; तुम्ही ते व्हॉट्सॲपवर कोणाला पुढे पाठवू नका, तिथे फोटो दाबला जातो, सगळी मेहनत वाया.

रविवारी रात्री फोन करते.

तुमची,
बेबी

ता. क. जाम धरले असतील तर त्या मुलाला चार-पाच द्या. बाबा, काठीने पाडा. झाडावर नाही.