नोट्स न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला शिकवायला आलात, तेव्हा मी नर्सिंगचा कोर्स सोडायच्या बेतात होते. पहिलं वर्ष डिक्टेशन घेण्यात गेलेलं. प्रोसिजरच्या पायऱ्या घडाघड म्हणता यायच्या, पण वॉर्डात हात थरथरायचे, आणि चुकलं की पेशंटदेखत बोलणी बसायची. मग शंका विचारणंच बंद केलं.

सलाइनचा तो तास आठवतो? फळ्यावर सूत्र न लिहिता तुम्ही स्टँडला बाटली अडकवलीत, खाली बादली ठेवलीत. "१००० मिली, आठ तासांत द्यायचंय. लाव." मी अंदाजाने थेंबांचा वेग ठरवणारा नळीवरचा रोलर फिरवला. तुम्ही माझ्या हातात घड्याळ दिलंत. मिनिटाला ६० थेंब पडत होते. "या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली. बाटली कधी संपेल?" हिशेब करून म्हटलं, साडेपाच तासांत. "आणि पेशंटचं हृदय कमजोर असेल तर?" वर्ग गप्प. मागून कुणीतरी पुटपुटलं, फुप्फुसात पाणी भरेल. मिनिटाला ४२ थेंब हे उत्तर त्या दिवशी आमचं आम्ही काढलं. पाठ करायची वेळच आली नाही.

सरावाच्या मॅनिकिनला बाहुली म्हणून आम्ही खिदळलो, तेव्हा तुम्ही १९११ सालच्या मिसेस चेस नावाच्या बाहुलीची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुली त्या माणसाएवढ्या बाहुलीवर शिकायच्या. "इथे हवं तेवढं चुका," म्हणालात. सराव संपल्यावरही आधी "काय चुकलं?" नाही, तर "त्या क्षणी मनात काय चाललं होतं?" असं विचारायचात. एवढ्यानेच माझी भीड चेपली.

रोल-प्ले मात्र मला कधीच आवडला नाही. वर्गमैत्रिणीसमोर रडक्या नातेवाइकाचं सोंग घेताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे एम.एस्सी.ला डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ वाचले. आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपलेपणा, या गरजा भागल्या की शिकायची ओढ आतून येते, असं ते मांडतात. मला तर वाचताना ती बादलीच दिसत होती.

एक कबुलीही द्यायची आहे. त्या वर्षीच्या निनावी फीडबॅक फॉर्मवर "मॅडम नोट्स देत नाहीत" अशी तक्रार आली होती ना? ती माझी. परीक्षा तोंडावर होती आणि मी घाबरले होते. माफ करा, आणि मनापासून आभार.

तुमची,
६० थेंबवाली