पुराभिलेख मंत्र्यांना खुलं पत्र: रोगांचा इतिहास वाळवीला देऊ नका

मा. मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला, शाळेत इतिहास शिकवतो. पोरांना विचारलं की जुनं गोंय, म्हणजे पोर्तुगीजांची जुनी राजधानी, ओस का पडलं, तर उत्तर येतं डच आले, व्यापार बुडाला. ते खरंच आहे, पण साथींनी शहर कसं पोखरलं हे कुणी सांगत नाही. जमीन सच्छिद्र, संडासांचं पाणी झिरपून विहिरींत जायचं आणि लोक तेच पाणी प्यायचे, पटकी आणि तापाने घरंच्या घरं रिकामी झाली, शेवटी व्हाइसरॉयनेही ते शहर सोडलं आणि १७५९ मध्ये तो पणजीला राहायला आला.

हे मला कळलं ते आपल्याच इतिहासकारांमुळे. फातिमा दा सिल्वा ग्रासियस यांचं १५१० ते १९६१ या काळातल्या गोव्याच्या आरोग्यावरचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. राजे आणि लढाया बाजूला ठेवून माणसं कशाने आजारी पडायची, औषध कुणाला मिळायचं, कुणाला नाही, हे त्यांनी जुन्या कागदांतून शोधलं. पोर्तुगालच्या राजाचं मोठं हॉस्पिटल होतं ते मुख्यतः पोर्तुगीज सैनिकांसाठी, बाकीच्यांचा आधार वैद्य आणि सुइणी. १५६७ च्या चर्चच्या धर्मपरिषदेने ख्रिश्चनांना हिंदू वैद्यांकडे जायची बंदी केली, तरी खुद्द मोठे अधिकारी त्याच वैद्यांना बोलवत राहिले. म्हणजे कायदा एक आणि दुखणं आल्यावर माणूस करतो ते दुसरं. असं काही वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

आणि साहेब, हा विषय जुना झालेला नाही. २०१५ मध्ये आमच्या सत्तरीत माकडताप आला तेव्हा तो कुणाला झाला? काजूच्या सीझनला बोंडां गोळा करायला रानात जाणाऱ्यांना. गोचीड चावली आणि रोजंदारीवरचा माणूस अंथरुणाला खिळला. रोग कोणत्या घरात आधी शिरतो हे कामावर आणि पैशावर ठरतं, हे आपल्याला चारशे वर्षांच्या कागदांतून आधीच कळू शकलं असतं.

पण ते कागद कुठल्या हालतीत आहेत? मी एका कार्यालयात पोर्तुगीज काळातली मृत्यूची नोंदवही पाहिली, कार्यालयाचं नाव लिहीत नाही कारण तिथला स्टाफ चांगला आहे, त्यांच्याकडे कपाटच नाही. पानं कडेने वाळवीने खाल्लेली, मरणाचं कारण लिहिलेला रकाना नेमका कडेला, त्यामुळे नाव आहे, वय आहे, गाव आहे, पण माणूस गेला कशाने तेच गायब. पान उलटताना भुगा माझ्या बोटांवर आला आणि वाईट वाटलं हो, कारण तो भुगा म्हणजे कुणाच्या तरी आजीची शेवटची नोंद होती.

पणजीत आपलं अभिलेखागार आहे, १५९५ पासूनचा वारसा आहे त्याला. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या मेडिकल स्कूलमधून शिकून गेलेले गोंयकार डॉक्टर आफ्रिकेत मोझांबिकपर्यंत पोचले, त्यांच्यावर परदेशातले अभ्यासक पेपर लिहितात, आणि आपल्या पोरांना ते माहीतच नाही, कारण कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि ती भाषा वाचणारे दिवसेंदिवस कमी होतायत.

म्हणून एवढंच मागणं आहे. पंचायती, नगरपालिका, जुनी आरोग्यकेंद्रं इथली जन्म-मृत्यू आणि साथींची रजिस्टरं पावसाळ्याआधी एका टीमने जाऊन बघावीत, जिथे वाळवी लागलीय ती आधी स्कॅन करावीत, बाकीची नंतर. पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही शिकणाऱ्या पोरांना फेलोशिप द्यावी, फक्त एका वर्षाची नको, कारण ही अक्षरं वाचायला शिकण्यातच वर्ष जातं. आणि ग्रासियस यांच्या पुस्तकाचा मराठी व कोंकणी अनुवाद सरकारने गावागावातल्या वाचनालयांना पाठवावा. सत्तरीतली रजिस्टरं कुठे कुठे पडलीयत त्याची यादी माझ्याकडे आहे, तुमच्या खात्याचा माणूस पाठवा, मी स्वतः त्याला घेऊन फिरतो.

आपला,
सत्तरीतला एक शिक्षक