शिफारशीची पुस्तके गावच्या कपाटापर्यंत यावीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हिवाळा लागला की कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी या आपल्या बेळगाव भागातील गावांतून साहित्य संमेलनांची लगबग सुरू होते. गावकरी वर्गणी काढून आणि पदरमोड करून ग्रंथदिंडीपासून कविसंमेलनापर्यंत सारे थाटात पार पाडतात, याचा माझ्यासारख्या खानापूर तालुक्यातील जुन्या वाचकाला अभिमान आहे. मात्र त्याच मांडवाबाहेरील पुस्तकांच्या टेबलाशी उभे राहिले की मन खट्टू होते. गेल्या मोसमात मी एका विक्रेत्याकडे आजच्या लेखकांच्या कथा-कादंबऱ्या मागितल्या, तेव्हा त्याने पन्नास वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि यशाचे मंत्र सांगणारी भाषांतरे पुढे सरकवली. दोष त्याचा नाही. जे खपते तेच तो आणतो, आणि नवे काय वाचावे हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तेही हाकेच्या अंतरावरचे. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार 2021 मध्ये किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ या कथासंग्रहाला, 2022 मध्ये प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीला आणि 2023 मध्ये कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला मिळाला. सलग तीन वर्षे हा मान कोल्हापूर आणि सावंतवाडीकडच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या लेखकांकडे आला. तरीही आमच्या भागातील एका वाचनालयात मी या तिन्ही पुस्तकांची चौकशी केली, तेव्हा नोंदवहीत एकाचेही नाव निघाले नाही.

‘रिंगाण’ मी अखेर कोल्हापूरहून मागवले आणि वाचून झाल्यावर बेळगावात बी. कॉम. करणाऱ्या शेजारच्या मुलीला दिले. धरणामुळे गाव सोडावे लागलेली माणसे आणि मागे रानात राहिलेली म्हैस यांची ती कादंबरी आहे. भीमगडच्या जंगलालगतच्या गावांतून स्थलांतराची चर्चा ऐकतच ती मुलगी मोठी झालेली. चार दिवसांनी पुस्तक परत करायला आली ती दारातल्या पायरीवरच बसली आणि म्हणाली, “काका, ह्यातली माणसं आमच्या आज्ज्यासारखीच बोलत्यात की ओ!” आपल्या घरातली बोली छापील पानावर येऊ शकते, हे तिला तोवर ठाऊकच नव्हते. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधला लंपन कानडी वळणाचे मराठी बोलतो, हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने ते नाव वहीत टिपून घेतले.

मोबाइलवर ‘वाचायलाच हवीत’ अशा पुस्तकांच्या याद्या रोज फिरतात, पण त्या नुसत्या नावांच्या जंत्र्या असतात. पुस्तक कोणाला, कशासाठी आवडले आणि ते जवळपास कुठे मिळेल, हे सांगितल्याशिवाय त्या शिफारशीला अर्थ नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की आपण रविवारच्या पुरवणीत एक लहानसे सदर सुरू करावे आणि त्यात बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील वाचकांनी नुकत्याच वाचलेल्या एका कथा-कादंबरीविषयी दहा-बारा ओळी लिहाव्यात. त्यात आजच्या कन्नड लेखकांच्या अनुवादित कादंबऱ्याही याव्यात. कन्नड साहित्य मराठीत आणण्याचे मोठे काम करणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्याच आहेत.

संमेलनाच्या संयोजकांनाही एक सुचवावेसे वाटते. पाहुण्यांच्या शाल-श्रीफळावर होणाऱ्या खर्चातून अलीकडची पाच-सहा पुस्तके घेऊन ती व्यासपीठावरूनच यजमान गावच्या वाचनालयाला द्यावीत. 1848 पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या बेळगावच्या परिसरात हे अवघड नाही. येत्या हंगामात कोणत्याही एका गावाने याची सुरुवात केल्यास वर उल्लेखिलेल्या तिन्ही पुस्तकांच्या प्रती मी स्वखर्चाने आणून देईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. खानापूर