रानमोडीखालची माती ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई नमस्कार,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचलंत की कळेलच. मागच्या पावसाळ्यात देवराईच्या कडेची रानमोडी (ते बाहेरदेशातून आलेलं, सगळीकडे पसरणारं तण) उपटून आम्ही कळकाची, म्हणजे बांबूची, रोपं लावली आणि दोन महिन्यांत निम्म्यांनी माना टाकल्या, तेव्हा कुणी म्हणालं वाळवी, कुणी म्हणालं नर्सरीचा माल खराब. तुम्ही मात्र खाली बसून माती हातात घेतलीत आणि विचारलंत, "इथे आधी काय होतं?"

मला वाटायचं रानमोडी म्हणजे वाऱ्यावर बी उडवणार, दाट वाढणार, सावली करून बाकीच्यांना मारणार, एवढंच. तुम्ही २००८ सालचा सह्याद्रीतल्या मातीवरचा अभ्यास समजावून सांगितलात. रानमोडीच्या मुळांजवळ फ्युजेरियम या रोपांना रोग करणाऱ्या बुरशीचे बीजाणू, निदान वीस मीटर लांबच्या देशी झाडांखालच्या मातीपेक्षा पंचवीस पटीहून जास्त! आणि बुरशी बाहेरची नाही हो, इथलीच. रानमोडीच्या मुळांतून पाझरलेलं पाणी चांगल्या मातीत घातलं तरी बीजाणू दहापटीहून वाढले. अभ्यास करणाऱ्यांनी टेस्टला घेतलेली झाडं काटेमाठ आणि कळक, हे ऐकून तर मी गप्पच झालो, आमचाही कळकच होता ना.

नुसतं सांगून थांबला नाहीत. तीच माती अर्धी पातेल्यात वाफवायला लावलीत, अर्धी तशीच ठेवायला, आणि दोन्हीकडे काटेमाठाचं बी टाकायला. वाफवलेल्या कुंडीतली रोपं चांगली वीतभर आली, दुसरीकडे पिवळी, बारकी. मी आनंदाने फोटो पाठवला तर तुम्ही लगेच म्हणालात की वाफवल्याने मातीतलं खतही मोकळं होतं, तेव्हा सगळं श्रेय बुरशी मेल्याला देऊ नका. एवढं प्रामाणिक कोण सांगतं हो!

यंदा तुम्ही सांगितलं तसं केलं. रानमोडी उपटलेल्या जागी घाई केली नाही, खड्ड्यातली माती बदलली, देवराईतल्या जुन्या झाडाखालची ओंजळभर माती प्रत्येक रोपाला दिली. गॅरंटी नाही असं तुम्हीच म्हणाला होतात, पण कळकाला नवे कोंब आलेत. मनापासून आभार, ताई. आमच्या रोपांसाठी तुम्ही पदरचं पेट्रोल घालून तीन वेळा आलात, ते आम्ही कुणीच विसरणार नाही.

दिवाळीनंतर जमलं तर परत या. ओढ्यापलीकडचा तुकडा अजून उपटायचाय, फुलोरा यायच्या आत.